‘मॅडम, केस पेपर नको’: नागरी विमान वाहतूक राज्यमंत्र्यांना एका फॅमिली डॉक्टरचं खुलं पत्र

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय राज्यमंत्री, नागरी विमान वाहतूक, यांस

स. न. वि. वि.

मी पुण्यात लोहगाव भागात गेली 26 वर्षं जनरल प्रॅक्टिस करते. दोन खोल्यांचा दवाखाना, एक कंपाउंडर, संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ. विमानतळ जवळच, त्यामुळे पेशंटांत विमानात सामान चढवणारी पोरं असतात, केबिन क्रूच्या मुली असतात, कॅबवाले असतात, हवाई दलातून निवृत्त झालेले आजोबा असतात. आणि वैमानिक असतात. कोविडमध्ये तुम्ही शहराचे महापौर होता. आम्हा गल्लीतल्या डॉक्टरांचे ते दिवस कसे गेले हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्याच हक्कानं हे पत्र मराठीत लिहिते आहे. यात ज्या पेशंटांबद्दल लिहिलंय त्यांची वयं, गावं आणि बारीकसारीक तपशील बदलले आहेत. माझं नाव घातलेलं नाही, कारण डॉक्टर कोण ते कळलं की पेशंट हुडकायला वेळ लागत नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. साडेनऊ वाजून गेले होते. कंपाउंडरनं शटर अर्धं ओढलं होतं, तेवढ्यात एक मुलगा वाकून आत आला. मुलगा म्हणजे एकतीस-बत्तिशीचा. भिजलेला टी-शर्ट, पाठीवर सॅक. कंपाउंडरनं नाव विचारलं तसा तो म्हणाला, “केस पेपर नको. मॅडमशी दोन मिनिटं बोलायचंय. फी कॅश देतो.”

पूर्वी केस पेपर नको म्हणणारे पेशंट गुप्तरोगाचे असत. अलीकडे ते बहुतेक वेळा वैमानिक असतात.

हा एफओ होता, म्हणजे सहवैमानिक. तीन महिने झोप नव्हती. रात्री दोनला जाग यायची, छातीत धडधडायचं, मग हॉटेलच्या खोलीत छताकडे बघत सकाळ व्हायची. अन्नावरची वासना उडाली होती. मे महिन्यात वडील गेले, तेरावं उरकलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोस्टर सुरू. मी ईसीजी काढला, ठीक होता. रक्तदाब थोडा वर. थायरॉइडची तपासणी लिहून द्यायला पेन उचललं, तर त्यानं लेटरहेडवर हात ठेवला आणि विचारलं, “बायकोच्या नावानं लिहाल का?”

मी नाही म्हटलं. त्याला सांगितलं की हे नैराश्य आहे, अवघड जागेचं दुखणं नाही, औषधानं आणि समुपदेशनानं बरं होतं, ओळखीचे चांगले मानसोपचारतज्ज्ञ आहेत, उद्याच गाठ घालून देते. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि मेडिकलला काय सांगू?” म्हणजे परवान्यासाठी होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत. मग बोटं मोजत हिशेब मांडला. ट्रेनिंग आणि टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान चालवण्याची पात्रता) मिळून पाऊण कोटीचं कर्ज. गावाकडचं घर तारण. आई आता एकटी, त्याच घरात. टीएमयू, म्हणजे तपासणीत तात्पुरता अनफिट, झालो की विमान चालवण्याचे पैसे बंद, हातात पडेल ते मूळ वेतन, त्यात हप्तासुद्धा निघत नाही. “किती महिने टीएमयू राहीन, तेवढं सांगता का?” मला सांगता आलं नाही. पेपरवेटखाली तीनशे रुपये ठेवून तो गेला. पुन्हा आला नाही. केस पेपर नव्हता, त्यामुळे माझ्याकडे त्याचा फोन नंबरही नाही.

साहेब, बायकोच्या नावानं चिठ्ठी लिहिली नाही हे मी नियमाला धरूनच केलं. पण त्या रात्री नियमाला धरून वागल्यामुळे एक आजारी माणूस उपचाराविना परत गेला, आणि दोन-तीन दिवसांत तो कॉकपिटमध्ये बसला असणार. तेव्हापासून मला हे पत्र लिहायचं होतं.

हे पत्र तुमच्याबरोबर इतरही वाचतील, म्हणून थोडं समजावून सांगते. प्रवासी विमान चालवणाऱ्याला ‘क्लास वन’ वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. पहिली तपासणी मोठी असते, दिल्लीच्या एएफसीएमई या हवाई दलाच्या वैद्यकीय केंद्रात, बेंगळुरूच्या हवाई दलाच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत किंवा अशाच मान्यताप्राप्त ठिकाणी. मग ठरावीक मुदतीनं नूतनीकरण. साठी ओलांडली की दर सहा महिन्यांनी, आणि पासष्टीला प्रवासी विमानाचं स्टिअरिंग सुटतं. डोळे, कान, ईसीजी, रक्त, लघवी, वजन, रक्तदाब. काही बिनसलेलं सापडलं तर ‘टेम्पररिली मेडिकली अनफिट’ असा शेरा बसतो. त्यालाच वैमानिक टीएमयू म्हणतात. शेरा निघेपर्यंत उड्डाण बंद.

या तपासणीबद्दल माझी तक्रार नाही. माझी मुलगी महिन्यातून दोनदा पुणे-बेंगळुरू विमानानं जाते. पुढे बसलेल्या दोघांचं हृदय, डोळे आणि डोकं ठिकाणावर आहे याची खात्री मलाही हवी असते. तक्रार आहे ती त्या तपासणीभोवती साचलेल्या भीतीबद्दल.

आमच्याकडे मेडिकलचा सीझन असतो. तारीख जवळ आली की तीन आठवडे आधी माणसं येतात. मीठ सोडलेलं, चहा सोडलेला, रात्री फक्त दुधीचं सूप. एक कॅप्टन दर वर्षी मेडिकलआधी सहा किलो उतरवतात आणि दिवाळीपर्यंत सात किलो चढवतात. माझ्यासमोर रक्तदाब 128 आणि 82, मेडिकलच्या टेबलावर 156 आणि 98. ही बहुधा भीतीची वाढ असते, पण ती भीतीची की आजाराची हे ठरवायला पुन्हा चोवीस तासांचं मशीन लावावं लागतं. कफ सिरपची चिठ्ठी दिली तर सगळे पहिला प्रश्न विचारतात, “मॅडम, यात अल्कोहोल नाही ना?” कारण ड्यूटीआधी श्वासाची चाचणी होते. माउथवॉशमधल्या अल्कोहोलनंसुद्धा यंत्र बोलू शकतं, आणि पहिल्यांदा सापडलात तरी परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित. ही कडक शिस्त मला मनापासून पटते. पण खोकल्याच्या औषधाची इतक्या प्रामाणिकपणे चौकशी करणारा माणूस तीन महिने झोप नसल्याचं सांगत नाही. ते सांगितलं तर काय होईल हे त्याला नीट माहीत नसतं, आणि जे ऐकीव माहीत असतं ते भयंकर असतं.

त्यामुळे लपवाछपवी सुरू होते, आणि ती लपवाछपवी मूळ आजारापेक्षा घातक ठरते. 7 ऑगस्ट 2020 ला कोळीकोडला दुबईहून आलेलं विमान धावपट्टीवरून घसरून दरीत गेलं, दोन्ही वैमानिकांसह 21 जण गेले. त्या विमानाचे कॅप्टन हवाई दलात नाव कमावलेले, मुंबईत राहणारे, आपल्यातलेच होते. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि पुढचं वाक्य मी जड मनानं लिहिते. अपघात अन्वेषण विभागाच्या अहवालात पाऊस, मागून येणारा वारा, नीट न चालणारा वायपर आणि ‘गो-अराउंड’ (न उतरता विमान पुन्हा वर नेणं) न करणं या सगळ्याबरोबर एक वैद्यकीय मुद्दाही नोंदवला आहे. कॅप्टन डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मधुमेहाच्या अनेक गोळ्या घेत होते, त्यामुळे रक्तातली साखर थोडी उतरून निर्णयशक्तीवर सूक्ष्म परिणाम झाला असण्याची शक्यता अहवालानं मांडली.

हे वाचलं तेव्हा मी हातातलं काम थांबवून बसले, कारण असाच एक पेशंट माझ्याकडे होता. वय 49, कमांडवर दहा वर्षं. साखर वाढल्याचं त्याला मेडिकलच्या दोन महिने आधी बाहेरच्या लॅबमध्ये कळलं, आणि केमिस्टला विचारून त्यानं गोळी सुरू केली. ती ग्लिमेपिराइड होती. मेटफॉर्मिनसारखी गोळी एकटी घेतली तर साखर सहसा धाडकन उतरत नाही. ग्लिमेपिराइडच्या घराण्यातली गोळी उतरवते, आणि जेवण लांबलं तर फार उतरवते. घाम फुटतो, हात कापतात, विचार मंदावतो आणि तो मंदावल्याचं माणसाला अनेकदा स्वतःला कळत नाही. मेडिकल करणाऱ्या डॉक्टरला विचारलं असतं तर योग्य गोळीवर, देखरेखीखाली, त्याला बहुधा उडताही आलं असतं. मधुमेह झाला की करिअर संपलं असं आता राहिलेलं नाही. पण विचारायचं म्हणजे आधी उघड करायचं. त्याला समजावायला मला तीन बैठका लागल्या. शेवटी त्यानं मेडिकलला खरं सांगितलं, काही काळ जमिनीवर राहिला, आज उडतोय. त्या काळात त्याच्या बायकोनं बांगड्या मोडल्या हेही मला माहीत आहे.

हृदयाची गोष्ट थोडी निराळी. ऑगस्ट 2023 मध्ये नागपूर विमानतळावर बोर्डिंग गेटपाशी एक तरुण कॅप्टन कोसळले आणि गेले. ते नागपूर-पुणे विमान घेऊन येणार होते, म्हणजे आमच्याच लोहगावला उतरणार होते. अशा घटनेनंतर लोक विचारतात, तपासणीत सापडलं कसं नाही? 1972 मध्ये लंडनजवळ स्टेन्स इथं ट्रायडंट विमान पडून 118 जण गेले, तेव्हाही कॅप्टनच्या शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा जुना आजार निघाला होता आणि आधीच्या तपासण्यांत तो पकडला गेला नव्हता. एका दिवसाच्या तपासणीत सगळं सापडत नाही, सापडणारही नाही. म्हणून तर कॉकपिटमध्ये दोघे असतात, म्हणून दोघांनी वेगवेगळं जेवण घ्यायची प्रथा आहे. उड्डाणात वैमानिक अचानक निकामी होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हार्ट ॲटॅक नसून पोट बिघडणं हे आहे. एरोस्पेस मेडिसिनमध्ये ‘एक टक्क्याचा नियम’ म्हणून एक मोजमाप वापरतात: दोन वैमानिकांच्या विमानात, वर्षभरात अचानक निकामी होण्याची शक्यता शंभरात एकापेक्षा कमी असेल तर त्या वैमानिकाला उडू द्यायला हरकत नाही. म्हणजे शून्य धोका कुणीच मागत नाही. हृदयाच्या बाबतीत हे शास्त्र एवढं समंजस आहे. बायपास झालेले, स्टेंट घातलेले वैमानिक नीट तपासून परत कामावर घेतले जातात. मनाच्या आजाराला हा समंजसपणा का नाही?

इथं सगळ्यांना जर्मनविंग्ज आठवणार. मलाही आठवतं. 24 मार्च 2015, बार्सिलोनाहून डुसेलडॉर्फला निघालेलं विमान, सहवैमानिकानं कॉकपिटचं दार आतून बंद केलं आणि विमान आल्प्सवर नेऊन आदळलं. 150 जण. नैराश्याचा उल्लेख निघाला की लोक हे नाव घेतात आणि विषय संपवतात. पण फ्रेंच चौकशी अहवालातली हकिगत सावकाश वाचली तर त्यातली बरीचशी माझ्या दवाखान्यातली वाटते. त्या मुलाला 2009 मध्येही नैराश्य आलं होतं, तेव्हा त्याचं मेडिकल अडलं आणि नंतर अटीसह मिळालं. डोक्यावर ट्रेनिंगसाठी काढलेलं सुमारे 41,000 युरोंचं कर्ज होतं. 2014 च्या अखेरीस पुन्हा लक्षणं सुरू झाली तेव्हा तो एकामागून एक डॉक्टर गाठत राहिला. अपघाताच्या दोन आठवडे आधी एका डॉक्टरांनी त्याला मनोरुग्णालयात दाखल व्हायला सुचवलं. कामावर जाऊ नको अशा चिठ्ठ्या दिल्या गेल्या. त्यानं त्या कंपनीला दाखवल्या नाहीत, आणि डॉक्टरांपैकी कुणी विमान प्राधिकरणाला कळवलं नाही, कारण गुप्तता मोडली तर कायद्यानं शिक्षा.

त्या डॉक्टरांच्या खुर्चीत मी रोज बसते. आपल्याकडच्या डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेत पेशंटचं गुपित फोडायला परवानगी आहे, पण कोर्टाचा आदेश, नोंदणी करायचे आजार, किंवा विशिष्ट व्यक्तीला वा समाजाला गंभीर आणि ओळखता येणारा धोका असेल तेव्हाच. झोप न येणारा, दुःखात बुडालेला, पण कुणालाही इजा करायचा विचार नसलेला सहवैमानिक या व्याख्येत बसतो का? माझ्या मते बसत नाही. आणि समजा एखादा खरोखर बसला, तर मी फोन कुठे करायचा? त्याच्या कंपनीला? म्हणजे त्याची नोकरी मी घालवायची? पोलिसांना? कारखान्यातला गॅसचा वास कुणाला कळवायचा हे माझ्या कंपाउंडरलाही माहीत आहे. या बाबतीत मला 26 वर्षांच्या प्रॅक्टिसनंतरही माहीत नाही.

जर्मनविंग्जनंतर फ्रेंच चौकशी विभागानं फक्त ‘चाचण्या वाढवा’ असं सांगितलं नाही. डॉक्टरांनी गुप्तता केव्हा मोडावी याचे स्पष्ट नियम करा, परवाना गेल्यावर वैमानिकाची होणारी आर्थिक पडझड कमी करा आणि वैमानिकांना सहकाऱ्यांचा आधार मिळेल असे गट उभारा, असं सांगितलं. युरोपात फेब्रुवारी 2021 पासून कंपन्यांना असे आधारगट चालवणं बंधनकारक झालं. अमेरिकेच्या विमान प्रशासनानं तर 2010 मध्येच नैराश्यावरची चार ठरावीक औषधं घेत असलेल्या, प्रकृती स्थिर असलेल्या वैमानिकांना देखरेखीखाली उडायची मुभा दिली. औषध घेणारा, डॉक्टरच्या नजरेखाली असलेला वैमानिक हा औषध न घेणाऱ्या लपलेल्या वैमानिकापेक्षा सुरक्षित, एवढा सरळ विचार त्यामागे आहे.

“मग काय डिप्रेशनवाल्यांना विमान चालवू द्यायचं?” माझ्या नवऱ्यानंच हे विचारलं, पत्राचा पहिला मसुदा वाचून. त्याला मी हार्वर्डच्या संशोधकांनी 2016 मध्ये छापलेला अभ्यास दाखवला. जगभरातल्या वैमानिकांना नाव न विचारता प्रश्नावली दिली होती. नैराश्याच्या प्रश्नांची उत्तरं देणारे 1,848, त्यातले 233 जण नैराश्याच्या निकषात बसत होते. म्हणजे 12.6 टक्के. म्हणजे ते चालवतच आहेत. नाव विचारलं नाही तेव्हा सांगितलं, इतकंच. 2022 मधल्या अमेरिकी वैमानिकांच्या एका पाहणीत तर निम्म्याहून अधिकांनी कबूल केलं की मेडिकल जाईल या भीतीनं आपण कधी ना कधी डॉक्टरकडे जाणं टाळलं किंवा माहिती दडवली.

जून 2025 नंतर आमच्याकडे हे आणखी बिकट झालं. अहमदाबादच्या अपघाताची चौकशी तज्ज्ञांचं काम आहे, कारणांबद्दल मी एक शब्द लिहिणार नाही. पण त्यानंतरच्या महिन्यांत टीव्हीवर आणि फोनवर एका दिवंगत वैमानिकाच्या मनःस्थितीचा जो पंचनामा चालला, तो माझ्या पेशंटांनीही पाहिला. त्यातले एक कॅप्टन मला म्हणाले, “मॅडम, आता डोकं दुखतंय म्हणायचीही सोय राहिली नाही. उद्या काही झालं तर तुमची ही चिठ्ठी टीव्हीवर दिसेल.” अपघातानंतर चारच दिवसांनी, 16 जूनला, त्या कंपनीच्या 112 वैमानिकांनी आजारपणाची रजा टाकली होती, हे तुम्हीच लोकसभेत सांगितलंत. त्यांना कामचुकार ठरवणारे संदेश माझ्या सोसायटीच्या ग्रुपवरही फिरले. मला त्यात चारित्र्याचा दोष दिसला नाही. सहकारी गमावलेल्या माणसानं आज मी उडण्याच्या स्थितीत नाही असं ओळखणं आणि थांबणं यालाच फिटनेस म्हणतात. मला ती त्या आठवड्यातली सर्वांत दिलासा देणारी बातमी वाटली होती.

त्याच उत्तरात तुम्ही फेब्रुवारी 2023 च्या परिपत्रकाचा उल्लेख केलात. मेडिकलमध्ये मानसिक आरोग्य तपासावं, कंपन्यांनी सहकारी-आधार गट नेमावेत असं त्यात म्हटलं आहे. परिपत्रक चांगलं आहे. पण माझ्याकडे येणाऱ्यांना मी आवर्जून विचारते, “तुमच्या कंपनीत असा गट आहे का?” काहींना माहीत नसतं. काही म्हणतात, आहे, पण त्यातला माणूस बेस मॅनेजरच्या शेजारच्या केबिनमध्ये बसतो. असा गट असून नसल्यासारखा.

आता झोपेबद्दल, कारण निम्मे आजार तिथून सुरू होतात. 22 मे 2010 ला मंगळूरला दुबईहून पहाटे आलेलं विमान टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या, धावपट्टीपुढे कोसळलं, 158 गेले, 8 वाचले. कॉकपिटच्या आवाजाच्या नोंदीत कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. दीड तासाहून जास्त ते झोपले होते, आणि गाढ झोपेतून उठल्यावर मेंदूवर जी गुंगी राहते तिचा निर्णयावर परिणाम झाला असं चौकशीनं म्हटलं. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर झोपच मागतं. घड्याळाला आणि रोस्टरला ते जुमानत नाही. रात्रपाळीच्या नर्सना विचारा, पोलिसांना विचारा. श्वासातली दारू पकडायला यंत्र आहे, डोळ्यांतली झोप पकडायला नाही. त्यासाठी नियमच लागतो.

म्हणून कामाच्या तासांचे नवे नियम आले तेव्हा आमच्या दवाखान्यात चक्क पेढे आले होते. आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास, रात्र पाचऐवजी सकाळी सहापर्यंत मोजायची, रात्रीच्या पट्ट्यात सहाऐवजी दोनच लँडिंग. कोर्टकचेऱ्या होऊन 2025 च्या जुलैत आणि नोव्हेंबरात ते टप्प्याटप्प्यानं लागू झाले. मग डिसेंबर उजाडला. हजारो फेऱ्या रद्द झाल्या, लोहगावला लोक बॅगांवर डोकं टेकून झोपलेले मी स्वतः पाहिले, आणि त्या गोंधळात सर्वांत मोठ्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूट मिळाली. रजा ही साप्ताहिक विश्रांतीत धरता येणार नाही, ही तरतूदही मागे घेतली गेली. प्रवाशांचे हाल थांबवणं तुम्हाला भाग होतं हे मी समजू शकते. पण नियम येणार हे दोन वर्षं माहीत असताना माणसं नेमली नाहीत कंपनीनं, आणि झोप गेली वैमानिकांची. पेढे आणणारा कॅप्टन जानेवारीत आला तेव्हा म्हणाला, “शेवटी आमचीच झोप स्वस्त.” त्याचा रक्तदाब त्या दिवशी 150 च्या वर होता.

माझ्या पेशंटांत एक निवृत्त विंग कमांडर आहेत, मिगवाले, वय 78. त्यांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, “आमच्या स्क्वाड्रनला आमचा डॉक्टर होता. सकाळी ब्रीफिंगला यायचा, चहा प्यायचा, तोंड बघूनच ओळखायचा. सर्दी झाली तरी म्हणायचा, दोन दिवस उडू नकोस.” सर्दीत कान आणि घशामधली नळी बंद असते, विमान उतरताना कानाच्या पडद्यावर दाब येऊन तो फाटूसुद्धा शकतो, म्हणून हे. मी विचारलं, “तुम्हाला राग नाही यायचा?” ते म्हणाले, “राग कसला? पगार तोच. दोन दिवस कॅरम खेळायचो.” माझ्या मते, साहेब, सगळी गोष्ट त्या “पगार तोच” मध्ये आहे.

म्हणून मागणं सगळ्यांत आधी पैशाचं आहे. टीएमयूच्या काळात वैमानिकाला घर आणि हप्ता निभेल एवढं उत्पन्न मिळेल अशी तरतूद सगळ्या कंपन्यांवर सारखी बंधनकारक करा. मग ते विमा काढून करा, कंपन्यांनी मिळून निधी उभारून करा, कसंही करा. तिकिटावर आम्ही आत्ताच इतके अधिभार देतो, त्यात आणखी दोन रुपये गेले तर माझी हरकत नाही. मी देईन. ज्या दिवशी माझ्याकडे आलेल्या मुलाला “सहा महिने घरी बसलास तरी घर जाणार नाही” असं सांगता येईल, त्या दिवशी तो केस पेपरवर स्वतःचं नाव लिहील.

त्याबरोबर टीएमयूच्या फायलीला मुदत हवी. पेशंट बरा होतो, रिपोर्ट नॉर्मल येतात, आणि पुढचे कित्येक आठवडे कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाण्यात जातात हे मी पाहिलंय. आजारानं बसवलं तर माणूस सहन करतो, कागदानं बसवलं की तो पुढच्या वेळी खरं सांगत नाही. कोणत्या आजारात, कोणत्या औषधावर, किती काळानं परत उडता येईल हे साध्या भाषेत, फॅमिली डॉक्टरला आणि वैमानिकाच्या बायकोलाही समजेल असं छापा. मानसोपचारालाही त्यात जागा द्या. आधारगट कंपनीच्या इमारतीबाहेर काढा. तिथे निवृत्त वैमानिक असावेत, मानसतज्ज्ञ असावेत, आणि तिथलं बोलणं रोस्टरिंगपर्यंत जाणार नाही याची कायद्यानं हमी असावी.

आणि आम्हा बाहेरच्या डॉक्टरांसाठी एक फोन नंबर. दिवसरात्र चालणारा. पलीकडे एरोस्पेस मेडिसिनचा डॉक्टर असावा. बेंगळुरूची संस्था 1957 पासून हे शास्त्र शिकवते, देशात ही माणसं आहेत. पेशंटचं नाव न सांगता मला विचारता यावं: “32 वर्षांचा एफओ आहे, ही लक्षणं आहेत, हे औषध दिलं तर पुढे काय होईल, आणि त्याला मी काय शब्द देऊ?” आणि एखादा खरोखर धोक्याचा पेशंट असेल, तर त्याच नंबरवर, कायद्याच्या संरक्षणात, नाव सांगायचीही मला मुभा असावी. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी असाव्यात, कारण पहिलीसाठी नेहमी फोन करणारी डॉक्टर दुसरीसाठी फोन करायला कचरणार नाही.

तुम्ही बहुतेक शनिवार-रविवार पुण्यात असता. विमानतळापासून माझा दवाखाना दहा मिनिटांवर आहे. तुमच्या कार्यालयातून निरोप आला तर मी नाव-पत्ता कळवीन, आणि ज्यांची तयारी असेल अशा तीन-चार वैमानिकांना शटर ओढल्यावर बोलवीन. कॅमेरा नको, पत्रकार नकोत. चहा मी करीन.

यायला जमलं नाही तरी चालेल. पण परवा रात्री पुन्हा एकजण वाकून आत आला. वय साधारण चौतीस, हात थरथरत होते, केस पेपर नको म्हणाला. त्याला मी गुरुवारी परत बोलावलंय आणि या वेळी फोन नंबर लिहून घेतलाय, माझ्या स्वतःच्या डायरीत. तो आला तर त्याला कुठे फोन करायला सांगू, एवढं मात्र गुरुवारच्या आत कळवा.

आपली,
लोहगावची एक फॅमिली डॉक्टर
पुणे